मंडपाच्या दोरीला बांधलेला कोळसा

सकाळचे अकरा. अमरावती-अकोला रस्त्यालगतचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. उद्घाटन दिवाळीआधीच झालं, मंडप मात्र अजून उभा, आणि कमलाकांत अभियंता माझ्यासारख्या बातमीदाराला पुन्हा तेच सांगतोय, "अहो, पाणी बघा ना, काचेसारखं!"

तुम्हाला सांगतो, पाणी काचेसारखंच आहे, नाही कोण म्हणतंय? पण काचेत हार्मोन दिसतात का? गोळ्यांमधून, साबणांमधून, प्लॅस्टिकमधून जी रसायनं गटारात उतरतात आणि जिवांचे हार्मोन बिघडवतात, ती नेहमीच्या शुद्धीकरणातून सरळ पुढे निघून जातात... म्हणून तर इथे खास कोळशाची टाकी बांधली! कोळसा रसायनं धरून ठेवणार, पाणी पुढे तलावात जाणार. त्या तलावावर जानरावांची मासेमारी. यंदा पिल्लंच नाहीत. कॉलेजातल्या अपेक्षा मॅडमनी मासे कापून पाहिले, तर नरांच्या पोटात अंडी! जानराव त्या माशांची बादलीच घेऊन आले.

"साहेब, टाकी होऊन राहिली म्हून थांबलो ना मी! पोरगी म्हन्ते, बाबा, परतवाड्याले चाला मजुरीले. सांगा, थांबू का जाऊ?"

साहेबांनी बादलीत डोकावलं. "मासे जाऊ द्या हो, पाणी बघा, काचेसारखं!"

मी म्हटलं, टाकीचं झाकण काढा. काढलं. आत काय? काही नाही! पाणी इकडून येतंय, तिकडून जातंय, पाहुण्यासारखं!

"कोळसा कुठाय?"

"त्याचं काय आहे, नवा कोळसा आधी काळं पाणी सोडतो, धुवावा लागतो. उद्घाटनाला एवढे पाहुणे, फोटो... काळं पाणी दाखवायचं? म्हटलं, कार्यक्रम होऊ द्या, मग टाकू."

"मग?"

"मग कार्यक्रम झाला ना."

आयुष्यभर साहेबांवर ओरडून दमलोय. मंडपात जाऊन एका पोत्यावर टेकलो. उठलो तर पँट मागून काळीकुट्ट! अहो, कोळसाच तो! मंडप वाऱ्याने उडू नये म्हणून सगळी पोती दोऱ्यांना बांधलेली!

"आता तरी टाका की!"

"पोती काढली तर मंडप पडेल."

"मग पडू द्या!"

"असं कसं? दुसऱ्या टप्प्याच्या उद्घाटनाला हाच मंडप लागणार!"

जानरावांनी बादली उचलली. रस्त्याला लागले.

बातमी छापून आली, खाली साहेबांचा खुलासाही आला, "पाणी काचेसारखे स्वच्छ आहे." जानराव परतवाड्याला गेले. पोती मंडपालाच आहेत. आणि तलावात धड नर मासा एक तरी उरलाय का, हे मी रोज केंद्रात फोन करून विचारतो... अजून कोणी सांगितलेलं नाही.