रेजिना मॅडमचं पत्र आणि माझी चूक

प्राचार्य मॅडम, रसायन विभागातले सगळे, मालाडच्या गावठाणातून आलेले रेजिना मॅडमचे भाऊ आणि भाचरं, मॅडमचे जुने विद्यार्थी,

मला भाषण येत नाही. इतकी वर्षं या हॉलमध्ये मी आलो ते माईक लावायला. आज त्याच माईकसमोर उभा आहे. सांभाळून घ्या.

मी सदानंद. रेजिना मॅडमच्या प्रयोगशाळेतला असिस्टंट. मॅडम जन्मभर एकाच गोष्टीच्या मागे होत्या. वीज वाहून नेणारे स्फटिक. त्यात तांबं नाही, लोखंड नाही. नुसते सेंद्रिय रेणू, पण नीट रचले गेले की त्यांतून धातूसारखी वीज वाहते. स्फटिक केसाएवढा, काळा. वाढायला तीन-तीन आठवडे लागायचे. टेबलाला धक्का लागला की गेला. म्हणून मॅडम दारसुद्धा हळू लावायच्या.

तो स्फटिक गार करत न्यायचा आणि त्याचा वर्णपट काढायचा. एका ठरावीक थंडीला वीज अडते, आणि वर्णपटातली एक रेष फुटून दोन होतात. मॅडम म्हणायच्या, "सदानंद, दोन दिसल्या की मला हाक मार. मी चहाला गेले असले तरी."

मग एक स्फटिक असा निघाला, की कितीही गार केला तरी रेष फुटेना, म्हणजे वीज अडतच नव्हती. त्यावरचा मॅडमचा शोधनिबंध छापून आला. विभागात पेढे वाटले. मॅडमना परदेशातून बोलावणी आली. दुपारच्या डब्याला आमच्या टेबलावर जागा पुरायची नाही. माझ्या बायकोने केलेला बांगडा मॅडम हक्काने मागून घ्यायच्या.

दोन वर्षांनी परदेशातून पत्र आलं. तिथल्या लोकांनी तोच स्फटिक बनवला होता, आणि त्यांच्याकडे रेष फुटत होती. मॅडमनी यंत्र उघडलं. तापमान मोजणारा सेन्सर स्फटिकाजवळ हवा. तो सुटून खाली, थंड भागाला टेकला होता. म्हणजे आकडा दिसत होता एक, आणि स्फटिक त्याहून पुष्कळ गरम होता. तो खरा गार झालाच नव्हता.

मॅडमनी मला विचारलं, "सदानंद, हा तू बसवला होतास ना?"

मी बसवला होता. घाईत बसवला होता. कारणही काही मोठं नव्हतं, चारकोपला आमच्या सोसायटीची मीटिंग होती. चिकटवला आणि पुन्हा न बघता निघालो.

मी म्हणालो, "आठवत नाही, मॅडम."

त्यांनी यंत्राचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "असू दे. निबंधावर नाव माझं आहे. मी तपासायला हवं होतं." आणि त्याच दुपारी त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं. आमचा निष्कर्ष चुकीचा आहे, मोजमापातली चूक माझी आहे, निबंध मागे घेते. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बोलावणी थांबली. दोन विद्यार्थी दुसऱ्या गाइडकडे गेले. डब्याला कुणी येईना. आणि मी? मीही गेलो नाही. मला तोंड दाखववेना, म्हणून मी वर्कशॉपमध्ये बसून जेवायला लागलो. येता-जाता काचेतून दिसायच्या. डबा उघडा, समोर वर्णपटाचा कागद, बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. मी बघायचो आणि पुढे जायचो. कित्येक वर्षं.

निवृत्तीनंतरही त्या आठवड्यातून तीनदा यायच्या, कोपऱ्यातल्या टेबलावर. तोच स्फटिक पुन्हा वाढवला. सेन्सर स्वतः बसवला आणि मला बोलावलं. "बघ रे, नीट बसलाय का?" दर वेळी बोलवायच्या. मला. ज्याने वाट लावली त्याला.

एका दुपारी रेष फुटली. मी हाक मारली. मॅडम आल्या, चष्मा पुसला, बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "हं. हे आता खरं आहे." खोलीत आम्ही दोघंच होतो. एका लहानशा नियतकालिकात तो निबंध आला. पेढे नव्हते. शेवटी आभारात एकच नाव होतं, माझं.

त्या दिवशी तरी मी सांगायला हवं होतं. ओठापर्यंत आलं होतं. नाही सांगितलं. आणि गेल्या आठवड्यात मालाडहून फोन आला. मॅडम घरी एकट्याच होत्या. सकाळी शेजारणीला कळलं.

ते दोन विद्यार्थी आज मागे बसलेत. आता मोठे प्राध्यापक आहेत. सर, मॅडम निष्काळजी आहेत असं तुम्हाला वाटलं होतं. त्या नव्हत्या. मी होतो. त्यांच्या घरच्यांनीही हे ऐकावं, म्हणून मी आज बोलायला मागून घेतलं.

त्यांना माहीत होतं का? असावं. पण कळणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. ते माझ्याकडून राहिलं.

मॅडम, सेन्सर मी बसवला होता. मला आठवत होतं.

आता श्रद्धांजलीला उभं राहायला नको. बसल्या जागीच दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.