वॉर्डाची ओव्हर

सासूबाई: पुन्हा कूस बदललीस. माझ्या गुडघ्यापेक्षा तो पलंगच जास्त कुरकुरतोय.

सून: तुम्ही जाग्या आहात, आई? मला वाटलं, झोपलात.

सासूबाई: शेजारी एवढी उलथापालथ चाललेली, झोपणार कशी? उद्या ऑपरेशन माझं, आणि डोळे तुझे टक्क उघडे.

सून: आठवडाभर नाइट ड्युटी केली ना. शरीराला वाटतंय, आता उठून राउंड घ्यायचा.

सासूबाई: शरीराचं मला सांगू नकोस. नाइट ड्युट्या करूनच केस पिकलेत माझे. हे सगळं डोक्यातलं आहे. उद्या मी टेबलावर बेशुद्ध असणार, निदान तू तरी शुद्धीवर पाहिजेस.

सून: प्रयत्न करतेय हो. मोबाइलवर ध्यान शिकवणारी ती बाई म्हणाली, विचार ढगांसारखे जाऊ द्या. दिले जाऊ. त्यातला एक परत आला आणि विचारतो, गॅस बंद केलास का?

सासूबाई: केलास?

सून: तीनदा बघून आले.

सासूबाई: मग सांग की त्या ढगाला तसं. बरं, मला सांग, ड्युटी संपली की वॉर्डातून तशीच निघतेस का?

सून: तशीच कशी? पुढच्या सिस्टरला ओव्हर देते. कुठल्या बेडवर कोण आहे, काय दिलं, काय द्यायचं राहिलं.

सासूबाई: आणि मग?

सून: मग तिचं ती बघते. मी घरी.

सासूबाई: तर मला दे ओव्हर.

सून: काहीतरीच काय, आई.

सासूबाई: काहीतरीच नाही. इन्चार्ज सिस्टर होते मी. पोरी चळाचळा कापायच्या माझ्यापुढे. बोला सिस्टर, बेड नंबर एक.

सून: बरं. एक नंबरला स्वयंपाकघरातला नळ. सतत गळतोय.

सासूबाई: खाली बादली?

सून: लावलीय.

सासूबाई: पेशंट स्थिर. पुढे.

सून: दोन नंबरला तुमचा नातू. उद्या शाळेत पुठ्ठ्याचा ज्वालामुखी न्यायचाय म्हणे. झोपता झोपता सांगितलं कार्ट्यानं.

सासूबाई: त्याचा बाप दुकानांच्या पाट्या रंगवतो. लाल रंगाचे डबे पडलेत घरात. मार बापाच्या गळ्यात. पुढे.

सून: तीनला माझी बहीण. तिच्या वाढदिवसाला फोन करायचा राहिला, आणि ती एका शब्दानं बोलली नाही.

सासूबाई: बोलली नाही? मग पेशंट गंभीर आहे.

सून: तेच तर.

सासूबाई: उद्या मी आत असताना बाहेर बसून तुला वेळच वेळ. लाव फोन आणि पोटभर बोलणी खा. चार?

सून: चार नंबर रिकामा आहे.

सासूबाई: रिकाम्या बेडपायी सिस्टर जागत नाहीत. ओव्हर नीट द्यायची असते.

सून: वय अडुसष्ट. डावा गुडघा बदलायचाय. साखर आटोक्यात, बीपी ठीक, स्वभाव हट्टी. डॉक्टर चांगले आहेत, सगळे रिपोर्ट मी स्वतः पाहिलेत. आई, किती जणांना मी हसत हसत आत सोडलंय. त्यांच्या माणसांना सांगायचे, काळजी करू नका. उद्या मला कोणी असं म्हणालं ना, तर मी त्याला चावेन. मला भीती वाटतेय.

सासूबाई: पेशंट ठीक. नातेवाईक बेचैन. नोंद घेतली.

सून: हसू नका ना.

सासूबाई: हसत नाहीये गं. चारही बेड आता माझ्या ताब्यात. तुझी ड्युटी संपली. पांघरूण घे आणि नीघ, वॉर्डात रेंगाळायचं नाही.

सून: सकाळी उठवाल?

सासूबाई: उठवेन.

सून: बरं, सिस्टर.

(बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग दार हळूच उघडतं.)

मुलगा: आई, तू अजून जागी?

सासूबाई: हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा.

मुलगा: काय सांगतेस. काय जादू केलीस?

सासूबाई: ओव्हर घेतली तिची. ज्वालामुखी तुझ्या वाट्याला आलाय. सकाळी रंगवायचा.

मुलगा: कसला ज्वालामुखी?

सासूबाई: कळेल. आणि त्या नळाचंही बघ.

मुलगा: बघतो. तू झोप आता.

सासूबाई: झोपते की. पण माझी ओव्हर कोण घेणार?

मुलगा: मला वॉर्डातलं काय कळतंय?

सासूबाई: एकच बेड आहे रे. पेशंट घाबरलीय, सिस्टरना कळू दिलेलं नाही. तू नुसता हात धरून बस.