कोतोनेचा उष्टा ओनिगिरी

नागोयाच्या प्रसूतिगृहात माझ्या शेजारी एक पोटुशी बाई आणि तिची लहानगी कोतोने नंबराची वाट बघत होत्या. कोतोनेने अर्धा खाल्लेला ओनिगिरी, भाताचा गोळा, आईसमोर धरला.

"उरलेला भात तू खा. रोज खायचीस ना?"

"आता नाही गं. तुझ्या लाळेत विषाणू असू शकतो. तो माझ्या पोटातल्या वारेतून बाळापर्यंत गेला, तर बाळ बहिरं होऊ शकतं."

"आणि पापी?"

"केसांवर घेते की."

"केसांना कळत नाही."

"मलाही पुरत नाही गं."

"माझ्या उष्ट्याची आठवण येते?"

"फार. काल तुझा पुडिंगचा चमचा धुताना..."

"चाटलास?"

"नाही. नुसती बघत उभी राहिले."

कोतोने पोटाशी वाकली.

"बाळा, ऐकू येतंय ना? मग ये बाहेर. आई उपाशी आहे."