कलावतीच्या केसपेपरवरची बिडी

सन्माननीय अध्यक्ष दाजीसाहेब, व्यासपीठावरचे फखरुद्दीनशेठ, आज निरोपाची शाल पांघरून बसलेले आपले दौलत डॉक्टर, आणि चहा येतोय का म्हणून मागं वळून बघणारी आमची सगळी आळी, सर्वांना द्रौपदीचा जयभीम आणि सलाम.

मी दुसरी शिकलेली, लांबण लावता येत नाही. डॉक्टरांनी अकरा वर्षं आमचा दवाखाना चालवला, पावसात गुडघाभर पाण्यातून आले. उपकार आहेत. पण नुसतं गोड बोलून त्यांना पाठवणं मला जमायचं नाही.

माझी सून कलावती दोन वर्षं खोकतेय. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि केसपेपरवर लिहिलं, बिडी ओढते. तिला विचारलं होतं का हो, डॉक्टर?

माझा लेक लहानू शिकलेला. त्यानं कागद वाचला आणि बायकोची पेटी उपसली. "कुठं लपवल्यास बिड्या, बोल." आळी दारात जमली. आणि मी काय केलं? तिचा पदर हुंगला. धुराचा वास. म्हटलं, "ओढतेस की गं, भवाने."

ती म्हणाली, "आत्याबाई, आता तुमचा हुंगा."

हुंगला. तोच वास.

राहनाळच्या गोदामातली रंग दिलेली लाकडी खोकी फोडायची, लूमच्या तेलकट चिंध्यांनी पेटवायची, ही आमची चूल. आळीत अशा बावीस. शेजारच्या बिल्किसकडे गॅस आहे, तरी तिची पोरगी खोकते. आमचा धूर तिच्याच खिडकीत शिरतो. दाजीसाहेब, कारखान्याच्या चिमणीवर तुम्ही मोर्चा नेलात, मीही आले. पण घरात फुंकणी घेऊन कधी बसलात? गॅससाठी नंबर लावा म्हटलं की सगळे बाप्ये म्हणतात, "चुलीवरची भाकरी गोड लागते." लागणारच. खोकायचं दुसरीनं.

त्या दिवसापासून कलावती दवाखान्याची पायरी चढत नाही. आता पाण्याची कळशी घेऊन येताना दोनदा खाली बसते. सोमवारी नवा डॉक्टर येईल. डॉक्टर, तो तुमचा कागद वाचेल, तिच्याकडे बघणार नाही.

ती बघा, तिसऱ्या रांगेत, तोंडाला पदर लावून बसली आहे. केसपेपर माझ्या पिशवीत आहे. शालीआडून तुमच्या खिशातलं पेन दिसतंय.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. चहा जरा थांबवा. डॉक्टर, खाली या, आणि या वेळी तिला विचारून लिहा.