चेहरा काळा पडल्याचे कारण

दिनांक १८ जुलै २००३

माझे नाव हेमा चारुदत्त नागवेकर, वय ४१ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार मिरजोळे, तालुका व जिल्हा रत्नागिरी.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती चारुदत्त यांचे मागील आठवड्यात राहत्या घरी निधन झाले. थोरले दीर यज्ञेश नागवेकर यांनी मी पतींना विष घातले, त्यामुळे त्यांचा चेहरा काळा पडला, असा अर्ज पोलीस ठाण्यात दिला आहे. त्याबाबत माझे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

पतींना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह होता. इन्सुलिनची सुई मी स्वतः देत असे. आंब्याच्या हंगामात दीर त्यांना गुहागरला एका औषध देणाऱ्याकडे घेऊन गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "सुई बंद. सुईची सवय लागते माणसाला. आता काढा घेईल तो." पतींनी थोरल्या भावाचा शब्द कधी मोडलेला नाही. मी सुई भरून पुढे केली असता ते हात मागे घेत.

हंगाम संपल्यावर त्यांना तहान, उलट्या व थकवा सुरू झाला. तशा स्थितीत दिरांनी त्यांना पेट्या भरण्याच्या शेडमधला भिजून बुरसटलेला पेंढा झाडण्यास पाठवले. त्यानंतर उजवा गाल दुखू लागला, नाकातून काळसर रक्त आले, पापणी उघडेना. नाकाशेजारी काळा डाग पडला. दीर म्हणाले, "उष्णता आहे." मी त्यांना न विचारता पतींना रिक्षाने डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तोंडात पाहिले, टाळू काळी होती. त्यांनी त्याच दिवशी कोल्हापूरला पाठवले.

तेथील डॉक्टर म्हणाले, "ही बुरशी आहे. हवेत सगळीकडे असते, तुमच्या-माझ्या नाकातही जाते, काही करत नाही. साखर एवढी वाढली की तिला रान मोकळं. रक्तवाहिन्या बंद करते, मांस मरतं, म्हणून काळं दिसतं. फुप्फुसातही शिरलेली दिसते. डोळ्यामागून मेंदूत जायच्या आत काळं झालेलं काढायला हवं. डोळाही जाईल." मी विचारले, माणूस राहील का. ते म्हणाले, "आज केलं तर आशा आहे."

पती शुद्धीवर होते. म्हणाले, "एक डोळा पुरे मला. तू दिसलीस म्हणजे झालं." आम्ही दोघांनी सह्या केल्या.

लागणारे इंजेक्शन तेथे नव्हते. ते आणण्यास मी शहरात गेले. बर्फाच्या डब्यात घेऊन परत आले तेव्हा खाट रिकामी होती. नर्सने सांगितले की, भाऊ जीप घेऊन आले, डॉक्टरांशी भांडले व आपल्या जबाबदारीवर पेशंटला घेऊन गेले.

मी एसटीने घरी पोचले. पती पडवीत होते. डोळ्यावर पाल्याचा लेप होता. छातीत घरघर होती, थुंकीत रक्त होते. मी म्हटले, "भाऊजी, जीप काढा. इंजेक्शन माझ्याजवळ आहे." ते म्हणाले, "डोळा काढायचा कोणी सांगितलंन तुला? नागवेकरांचा माणूस काणा होऊन जगायचा नाही." जीपची चावी त्यांनी खिशात ठेवली. मी शेजारचा रिक्षावाला गंगाराम यास रिक्षा काढण्यास सांगितले, तो म्हणाला, "थोरल्यांना विचारून या."

पतींनी मला ओळखले नाही. मला म्हणाले, "बाई, जरा हेमाला बोलवा." मी तिथेच बसून राहिले. सकाळी ते गेले.

विष दिले काय, असे विचारले असता सांगते की, नाही. चेहरा काळा पडला तो बुरशीने. कोल्हापूरच्या डॉक्टरांना विचारावे. सुई कोणी बंद केली आणि खाटेवरून कोणी उचलून आणले, हे अर्जदाराला विचारावे. मला पुन्हा विचारू नये. मी रडले नाही असे अर्जात लिहिले आहे, ते खरे आहे. यापुढे मी त्यांना भाऊजी म्हणणार नाही, हेही लिहावे.

माझा जबाब हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात पती "दुर्दैवाने मयत झाले" असे होते. त्यातील "दुर्दैवाने" हा शब्द मी खोडावयास लावला आहे. बाकी मी सांगितले तसेच व बरोबर आहे.