तलावावरची चौकशी

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बोलत होती: धायरीचे निवृत्त फिटर बापूराव आणि सॉफ्टवेअर कंपनीतली आम्रपाली. आतड्याच्या ऑपरेशननंतर दोघांच्याही पोटावर शौचाची पिशवी बसवलेली होती.

"काका, तुम्ही अंघोळ कशी करता?"

"पाण्याने."

"चेष्टा नको हो. मी चार महिने ओल्या फडक्याने अंग पुसतेय. पाणी आत गेलं तर?"

"जात नाही. डॉक्टरांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं. पण भीती वाटते."

"मलाही वाटायची. दोन वर्षं पोहणं सोडलं होतं. गेल्या महिन्यात पिशवी रिकामी केली, कडा नीट दाबून घेतल्या आणि गेलो तलावावर. तिथल्या जीवरक्षकाने अडवलंच. 'पोटावर काय आहे?'"

"अगं बाई! मग?"

"सगळं सांगितलं. 'गळते का?' म्हणाला. म्हटलं, नाही."

"मग?"

"म्हणाला, 'ती राहू द्या. डोक्याला टोपी कुठाय? टोपीशिवाय पाण्यात उतरायचं नाही.'"

"एवढंच?"

"एवढंच. टोपी विकत घेतली आणि तासभर पोहलो."

आम्रपाली इतकी हसली की सिस्टरांनी डोकावून पाहिलं. मग तिने पर्समधून मोबाइल काढला.

"आई, गिझर लावून ठेव. येतेच मी."