नेव्हिलचे वडील

वांगरट्टा गावच्या दवाखान्यात लोर्ना आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर नेव्हिल होता. त्याचे वडील नुकतेच वारले होते. त्याच्याशी बोलत होती बेरिल. ज्यांना पाद्री नको असतो, त्यांच्या अंत्यविधीत ती गेलेल्या माणसाची कहाणी सांगते.

"चांगलं काय सांगू, बेरिल? म्हातारा सारखा ओरडायचा."

"कुणावर रे?"

"नदीवरच्या पोरांवर. उन्हाळाभर काठावर उभा. पाय मार, मान वर काढ. कुणी बोलावलं नव्हतं त्याला."

"कधीपासून?"

"माझी बहीण बुडाली तेव्हापासून. आधी स्वतः पोहायला शिकला, मग गावातल्या पोरांच्या मागे लागला."

"आणि तुला?"

"मला पाण्यात पाऊल टाकू दिलं नाही. एक गेली, आता तू नको म्हणायचा."

"शुक्रवारी अंत्यविधीत सांगू हे?"

"सांग. पण ऐकायला येणार कोण?"

लोर्नाला राहवलं नाही.

"मी येईन. मला त्यांनीच शिकवलं, शिव्या देत. माझे दोघं भाऊही येतील."

नेव्हिल तिच्याकडे वळला.

"माझ्या वयाला जमेल का हो पोहायला?"

"न जमायला काय झालं? उन्हाळा लागला की नदीवर या."